बटणांनाही नाव हवे!

मैत्रिणींनो, ‘वेबसाइट’ हा शब्द दिसला की पान उलटायचे, असे तुमच्यापैकी काहीजणींनी ठरवले असेल, तर जरा थांबा. विजेचे बिल, गॅसचा नंबर, मुलांची फी, रेल्वेचे तिकीट, सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, हे सगळे आता फोनच्या पडद्यावरूनच होते ना? मग त्या पडद्यावरची बटणे कशी असावीत, अक्षरे केवढी असावीत, हा आपल्याच घरचा प्रश्न झाला. स्वयंपाकघरातला ओटा किती उंच असावा हे जसे एकट्या गवंड्यावर सोडून चालत नाही, तसेच हे.

शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणी आता पडद्याच्या पलीकडच्या बाजूलाही आहेत. कोणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी वेबसाइटवर घेते, कोणी शिवणवर्गाचे प्रवेशअर्ज, कोणी भिशीच्या ग्रुपचा हिशेब. माझ्याकडे हा विषय आला तो शाळेकडून. मी आठवड्यातून चार दिवस दोन-दोन तास शिकवायला जाते. जे काम पूर्णवेळ शिक्षकांना नको असते ते अर्धवेळ बाईंच्या पदरात पडते, हा बहुतेक शाळांचा अलिखित नियमच आहे! शाळेच्या वेबसाइटवर लक्ष ठेवायचे काम असेच माझ्याकडे आले.

आमच्याकडे सहावीतल्या एका मुलीची आई अंध आहे. बँकेत नोकरी करते, बसने एकटी ये-जा करते. एकदा ती मला म्हणाली, “बाई, फी भरायला तुमच्या साइटवर गेले की फोन नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणत बसतो. कुठलं बटण ते सांगतच नाही. मग शेजारच्यांना बोलवावं लागतं. ते बिचारे भरून देतात. पण कार्डाचा नंबर त्यांना सांगायचा, आलेला ओटीपी त्यांनी वाचायचा. आणि दिवसभर बँकेत मी लोकांना सांगते, ओटीपी कोणालाही सांगू नका!”

ती हे हसत हसत बोलली. पण विचार करा, स्वतःच्या कमाईचे पैसे, स्वतःच्या मुलीची फी, आणि चाव्या मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. ‘तेवढं वाचून देतो की’ म्हणणारे शेजारी उद्या बदलले तर? नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात पासवर्ड गेल्यावर तो परत मागता येतो का, हे काहीजणींना मी सांगायला नको.

फोन बोलतो तो कसा, हे आधी पाहू. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये तो ‘टॉकबॅक’ या नावाने असतो, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’. दोन्ही २००९ पासून आहेत आणि त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. विकतचे प्रोग्रॅम फार महाग होते, म्हणून त्यांनी स्वतःच बनवून जगाला वाटून टाकला. तो मराठीही वाचतो, बरं का.

पण हा वाचणारा वाचणार काय? जे लिहिले आहे तेच! तुमच्या मांडणीवर एकसारखे स्टीलचे वीस डबे आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही, असे समजा. तुम्हाला सवयीने कळते, रवा कुठला नि मैदा कुठला. नव्या सुनेने काय करावे? प्रत्येक डबा उघडून पाहावा. वेबसाइटवरच्या कित्येक बटणांची आणि चौकटींची हीच गत असते. डोळ्यांना भिंगाचे चित्र दिसते, म्हणून आपण समजतो की इथे शोधायचे. कानाला मात्र ‘बटण’ एवढेच ऐकू येते. बनवणाऱ्याने आत एक शब्दाची चिठ्ठी चिकटवली, ‘शोधा’, की काम झाले. नाव, पत्ता, पिनकोड यांच्या चौकटींनाही तशीच चिठ्ठी हवी. चौकटीच्या आत पुसट अक्षरात ‘नाव लिहा’ छापून भागत नाही. टाइप करायला लागले की ते शब्द नाहीसे होतात, आणि विसराळू माणसाला परत सगळे खोडून पाहावे लागते.

छायाचित्रांचे तसेच. प्रत्येक चित्राच्या मागे वर्णनाची एक ओळ लिहिता येते. तिला वैकल्पिक मजकूर म्हणतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरही ती सोय आहे. ‘चकली, अर्धा किलोचे पाकीट’ असे लिहावे. नुसते ‘फोटो’ लिहून काय उपयोग? आणि केवळ शोभेची वेलबुट्टी असेल तर तिचे वर्णन रिकामे ठेवावे, उगाच कोणाला ‘फुलाचे चित्र, फुलाचे चित्र’ ऐकायला लावू नये. ‘इथे क्लिक करा’ हेही टाळावे. स्क्रीन रीडरवाली माणसे पुष्कळदा पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी एकदम ऐकतात. त्यात आठ वेळा ‘इथे क्लिक करा’ आले तर काय कळणार? ‘सहामाही वेळापत्रक पाहा’ म्हणावे.

पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी

हे सगळे फक्त अंधांसाठी आहे असे मात्र समजू नका. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. त्यांना दिसते, पण फिकट करड्या रंगात लिहिलेले दिसत नाही. आजकाल नाजूक दिसावे म्हणून पांढऱ्यावर करड्या रंगात लिहिण्याची फॅशन आहे. पांढऱ्या फरशीवर पिठाची रांगोळी काढण्यातलाच प्रकार! याचे मोजमाप ठरलेले आहे: अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक निदान साडेचारास एक हवा, मोठ्या ठळक अक्षरांना तीनास एक चालतो. हे गणित करून देणारी साधने इंटरनेटवर फुकट आहेत. दोन्ही रंग सांगितले की आकडा येतो. भर दुपारी गॅलरीत फोन वाचणाऱ्या तुम्हाआम्हालाही त्याचा फायदाच.

‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक’ हीसुद्धा एक खोड. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे असतात, पुरुषांमध्ये तर बरीच. रंगाबरोबर शब्दही हवा. ज्यांचा हात थरथरतो त्यांना बारीक बटणे सापडत नाहीत. एकाऐवजी शेजारचे दाबले जाते. ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांना सगळे काम कीबोर्डवरून करता आले पाहिजे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओखाली बोललेले शब्द लिहून यावेत. यंत्राने आपोआप उमटवलेल्या मराठी ओळी मात्र एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, त्यात कधी कधी फार विनोद होतात. आणि ते वेळेचे घड्याळ! तीस सेकंदांत ओटीपी टाका म्हणतात. चष्मा सापडेपर्यंत ते संपतात.

आपल्या मराठीचे दोन खास घोळ आहेत, ते परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. एक म्हणजे फोटोतली नोटीस. सुंदर बोरू-वळणाच्या अक्षरात, चारी बाजूंना झेंडूच्या माळा लावून सूचना तयार करतात आणि चित्र म्हणून ग्रुपवर टाकतात. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो कोरा कागद. त्याच्याखाली तीच सूचना साध्या अक्षरात टाइप करायला दोन मिनिटे पुरतात. दुसरा घोळ जुन्या डीटीपीच्या फॉन्टचा. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असते, पण आत असतात भलतीच इंग्रजी अक्षरे. ती वाचताना फोन जे काही बोलतो ते ऐकून मुलीला हसू आवरेना, असे त्या आईने सांगितले. फीच्या नियमांचे पान आमच्या साइटवर तसेच होते! याखेरीज, पानाची भाषा मराठी आहे अशी एक छोटी खूण आत द्यावी लागते. ती नसली तर फोन कधी कधी मराठी मजकूर हिंदीच्या उच्चारात वाचतो.

नियम कोणी केले?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ मध्ये पहिली नियमावली काढली. तिला थोडक्यात डब्ल्यूसीएजी म्हणतात. २००८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२. या शेवटच्यात बटण निदान २४ पिक्सेल लांब-रुंद असावे, किंवा शेजाऱ्यापासून तेवढे अंतर राखून असावे, असे सांगितले आहे. आत शिरताना कोडी सोडवण्याची किंवा पासवर्ड तोंडपाठ ठेवण्याची सक्ती नसावी, असेही आहे. नियमांच्या तीन पायऱ्या आहेत. जगभर बहुतेक ठिकाणी मधली, म्हणजे दुहेरी ए, पाळायची असा रिवाज आहे. आपल्या सरकारी वेबसाइटांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती झाली.

‘हे फार खर्चाचं काम आहे हो,’ असे तुम्हाला कोणी सांगितले, तर सिडनीची गोष्ट सांगा. २००० सालच्या ऑलिंपिकची वेबसाइट ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थांना वाचता येईना. चित्रांना वर्णने नव्हती, निकालांचे तक्ते स्क्रीन रीडरला उलगडत नव्हते. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजक म्हणाले, दुरुस्तीला एका माणसाला ३६८ दिवस लागतील आणि वीस लाख डॉलरवर खर्च येईल. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी हिशेब केला, तर लहानशा गटाला ते चार आठवड्यांचे काम निघाले! आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने दिला. आयोजकांनी काम पुरे केले नाही, म्हणून त्यांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

आणि आता आपल्या देशातली गोष्ट. प्रज्ञा प्रसून यांच्यावर ॲसिडहल्ला झालेला. जुलै २०२३ मध्ये त्या बँकेत खाते उघडायला गेल्या, तर ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा म्हणाले. जिला पापण्या मिटता येत नाहीत तिने काय करावे? त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथेच अमर जैन या दृष्टिहीन वकिलांचीही याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, घटनेच्या २१ व्या कलमात जो जगण्याचा हक्क आहे, त्यात या डिजिटल सोयी वापरता येणेही येते. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, वेबसाइटांची ठरावीक काळाने तपासणी करून घ्या, असे एकूण वीस आदेश दिले. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून होताच. पण खाते उघडायला गेलेल्या एका बाईमुळे हे एवढे स्पष्ट झाले.

आमच्या शाळेची साइट ज्या मुलाने केली होती त्याला मी चुकांची यादी दिली. आधी तो म्हणाला, “मॅडम, एक रेडीमेड बटण मिळतं, ते कोपऱ्यात लावलं की सगळं आपोआप ठीक होतं.” हे ऐकून घेऊ नका. असे सगळे आपोआप होते असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. शेवटी त्याने दोन शनिवार बसून चिठ्ठ्या चिकटवल्या, रंग गडद केले, फॉन्ट बदलला. फी भरण्याचे पान दुसऱ्या कंपनीचे आहे, तिथला कॅप्चा अजून तसाच आहे. त्यासाठी आमची पत्रे चालू आहेत.

तुम्हाला स्वतः पाहायचे असेल तर माऊस बाजूला ठेवा आणि नुसते टॅबचे बटण दाबत पान पुढे पुढे जाऊन पाहा. आपण कुठे आहोत ते दिसते का, शेवटच्या बटणापर्यंत पोचता येते का? मग अक्षरे दुप्पट मोठी करा. मजकूर एकमेकांवर चढतो का ते पाहा. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातल्या वेबएम या संस्थेचे ‘वेव्ह’ नावाचे फुकट साधन आहे, त्यात पत्ता टाकला की चुकांवर लाल खुणा येतात. याच संस्थेने २०२५ मध्ये दहा लाख वेबसाइटांची पहिली पाने तपासली तेव्हा ९४.८ टक्के पानांवर चुका निघाल्या, आणि सर्वांत जास्त त्या फिकट अक्षरांच्याच! पण यंत्राला सगळे कळत नाही. चित्राला वर्णन आहे एवढे ते सांगते, वर्णन बरोबर आहे का ते नाही. म्हणून टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, एकदा स्वतःची साइट वापरा. तो सुरू असताना एकदा बोट लावले की फोन नुसता वाचतो, आणि दोनदा टकटक केले की बटण दाबले जाते. बंद कसा करायचा ते मात्र सुरू करण्याआधी शिकून घ्या, नाहीतर घरातला फोन संध्याकाळपर्यंत बडबडत राहील.

आणि बँकेचे किंवा सरकारी खात्याचे पान अडले, तर लेखी तक्रार करा. ‘साइट चालत नाही’ एवढेच लिहिले तर ‘आमच्याकडे चालते’ असे उत्तर येते. कुठले पान, कुठले बटण, फोन काय बोलला, तारीख, वेळ, सगळे लिहावे. तिथे दाद लागली नाही तर आपल्या राज्यात पुण्याला दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे अर्ज करता येतो. अर्जाची प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि टपालाने पाठवला तर पोचपावतीही.