मोटार कोठें वळेल?

शिरपूर जैन येथें अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास मोटारीनें येणाऱ्या कुटुंबास एक प्रश्न पडण्याजोगा आहे : अरुंद गल्लींत गाडी शिरेल, पण वळेल काय?

याचें उत्तर गाडीच्या वळण्याच्या त्रिज्येंत आहे. स्टिअरिंगचें चाक पूर्ण फिरवून गाडी सावकाश चालविली असतां बाहेरच्या बाजूचें पुढचें चाक जें वर्तुळ आंखतें, त्याची ही त्रिज्या होय. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जितकें कमी आणि पुढचीं चाकें जितकीं अधिक वळतील, तितकी ती लहान. टाटांच्या नॅनोची त्रिज्या ४ मीटर होती. मारुतीच्या स्विफ्टची ४.८, तर इनोव्हा क्रिस्टाची ५.४ मीटर आहे.

हा आंकडा गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेंत किंवा कारखानदाराच्या तपशीलपत्रकांत मिळतो. मात्र तो त्रिज्येचा कीं व्यासाचा, हें आधीं पाहावें. एका दमांत वळण्यास त्रिज्येच्या दुप्पट रुंदी लागते, स्विफ्टला ९.६ मीटर. शिवाय बंपर चाकाच्या बाहेरून फिरतो. दोहों बाजूंस भिंती असल्यास त्याहूनहि अधिक जागा हवी. पुस्तिका हरवली असल्यास मोकळ्या मैदानांत पूर्ण फेरा घ्यावा, बाहेरच्या चाकोरीचा व्यास फितीनें मोजावा व निम्मा करावा.

रस्ता याहून अरुंद असेल, तर गाडी मागें-पुढें करावी लागते. आणि मागें घेतांना पाठीशीं उभें असलेलें लहान मूल चालकास दिसत नाहीं. अशा वेळीं गाडी रुंद जागीं ठेवून चार पावलें चालत जाणेंच श्रेयस्कर.