क्रूझ हवी, पण पोरांच्या मापाची!

सध्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सुट्टीचा विषय निघाला, की गोवा-केरळ मागे पडतं आणि कुणीतरी रिव्हर क्रूझचं ब्रोशर काढतं. समुद्रातली नव्हे बरं का, युरोपातल्या नदीतली! र्‍हाइन, डॅन्यूब, दोन्ही काठांवर किल्ले, हातात कॉफीचा मग. एकदम रोमँटिक. पण सोबत पाच वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी असेल तर?

हा प्रश्न माझ्या ताईचा. ती आणि दाजी दोघंही नोकरदार. दोन वर्षं बोनसला हात न लावता त्यांनी पैसे बाजूला टाकलेले. ‘एकदाच जायचं तर दणक्यात’ हा आपला कोल्हापुरी बाणा, त्यामुळे दाजींचं मत आठ दिवसांच्या फुल क्रूझला. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते कायम रिकामी. रिसर्च माझ्या गळ्यात पडला; बदल्यात ट्रिपला सोबत!

पहिलाच झटका म्हणजे, काही कंपन्या अठराच्या आतल्यांना बोटीवर घेतच नाहीत. काही चार वर्षांपुढच्यांना घेतात, पण समुद्री क्रूझसारखी घसरगुंडी, किड्स क्लब असला थाट तिथे सहसा नसतो. कारण साधं आहे. बोटीला वाटेत दरवाजे असलेल्या हौदांमधून चढ-उतार करावी लागते. र्‍हाइन-डॅन्यूब मार्गावर हे हौद 12 मीटर रुंद, म्हणून बोटही त्याहून अरुंद. लांबी फार तर 135 मीटर. त्यात दीड-पावणेदोनशे माणसं, बरीचशी रिटायर्ड. रात्रीचं जेवण निवांत, दीड-दोन तास. आमचा भाचा ताटासमोर आठ मिनिटांच्या वर बसत नाही!

शेवटी दाजींना पटवलं. एका गावात मुक्काम आणि रोज दिवसाची फेरीबोट. बिंगेन ते कोब्लेन्झ हा र्‍हाइनचा सुमारे 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तेवढ्यात इतके किल्ले, की तासाभरात मोठ्यांचे कॅमेरे थकतात. पोरांचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. काठावर किलोमीटरचे मोठे आकडे लावलेत, कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले. ते आधी कोण वाचतं यावर दोघांची जुंपली. कंटाळा आला की उतरायचं, आइस्क्रीम खायचं, पुढची बोट पकडायची. एक टिप : प्रवाहाबरोबरची फेरी धरा, उलटीला खूप जास्त वेळ लागतो.

सगळ्यात हिट ठरला काउबचा नदीच्या मधोमध असलेला किल्ला. चौदाव्या शतकातला हा चक्क टोलनाका! नदीत साखळी टाकून जहाजं अडवायची, टोल वसूल करायचा. न देणारा थेट विहिरीत, लाकडी तराफ्यावर कैद. भाची तोंडाचा आ करून ऐकत होती. दाजी म्हणाले, ‘‘आपल्याकडं आणला असता तर आंदोलन करून बंद पाडला असता.’’ 2015 पर्यंतचा आपला टोललढा पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

पाण्याचं गणितही आपल्याला नवं नाही. पावसाळ्यात राजाराम बंधार्‍याची पातळी 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. र्‍हाइनवाले तसेच काउबच्या मोजपट्टीकडे डोळे लावून असतात, फक्त त्यांना पाणी आटण्याचीही भीती. ऑगस्ट 2022 मध्ये ती 40 सेंटीमीटरच्या खाली गेली होती. पाणी आटलं किंवा फार चढलं, की क्रूझची होते बस टूर! दोन वर्षांचा बोनस घालून बसमध्ये बसायचं? फेरीबोट रद्द झाली तर निदान तिकिटापुरतंच नुकसान.

व्हिसाचं थोडक्यात. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट, स्वतंत्र शेंगेन व्हिसा. जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते बाराच्या आतल्यांना 45, सहाच्या आतल्यांना फुकट. प्रत्येकाचा किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच.

कोल्हापूरकरांनी मात्र आणखी एक नदी करावी, इटलीतली आर्नो. क्रूझसाठी नव्हे. आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये युरोप पाहायला गेले होते. रोजनिशीही लिहीत होते. ती 1872 मध्ये पुस्तकरूपात आली. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले, तिथेच 1874 मध्ये छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. जवळच्या पुलाला आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

कॅशिने बाग तीन किलोमीटरहून लांब आणि स्मारक तिच्या पार पश्चिम टोकाला. भाचा अर्ध्या वाटेतच दाजींच्या खांद्यावर. भाचीनं मात्र पुतळा नीट निरखून विचारलं, ‘‘हे न्यू पॅलेसमध्ये राहायचे?’’

‘‘नाही गं, तो 1884 ला बांधून झाला,’’ ताई म्हणाली, ‘‘यांनी तो पाहिलाच नाही.’’