हाड मोडणे व सांधा निखळणे : शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

चिंचेवरून वा कवठावरून पडणे, बंडीच्या चाकाखाली पाय सापडणे, खो-खो खेळताना कोसळणे, हे अपघात वऱ्हाडातील मुलांच्या वाट्यास नित्य येतात. वैद्यकीय मदत येईपर्यंत मुलाचा सांभाळ शाळेत शिक्षकासच करावयाचा असतो. त्या अल्प वेळात काय केले आणि काय टाळले, यावर मुलाचा हात-पाय पुढे कामास येईल की नाही हे पुष्कळदा अवलंबून राहते.

मोडलेल्या हाडाच्या जागी सूज येते, दाबल्यास तीव्र वेदना होते आणि अवयव वाकडा दिसतो. तेथेच कातडी फाटली असेल तर तो उघडा अस्थिभंग होय. हाडाचे टोक बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. मोडलेल्या जागेवरील लहानशी जखमही उघडीच समजावी, कारण तिच्या वाटेने जंतू थेट हाडापर्यंत पोचतात.

या जंतूंचे महत्त्व प्रथम जोसेफ लिस्टर यांनी ओळखले. १८६५ च्या ऑगस्ट महिन्यात जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलास ग्लासगोच्या रुग्णालयात आणण्यात आले. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याची नडगी मोडली होती व वर जखम होती. त्या काळी अशा वेळी पाय कापणे हाच बहुधा उपाय असे. लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लात भिजविलेल्या पट्टीने जखम झाकली. ती चिघळली नाही आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले. ते आम्ल आज जखमेवर वापरीत नाहीत. जखमेत जंतू शिरू न देणे हे तत्त्व मात्र कायम आहे.

म्हणून जखमेवर हळद, चुना, शेण वा माती लावू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ धुतलेल्या कापडाने जखम झाकावी. रक्त वाहत असल्यास हाडावर भार न देता कडेने दाब द्यावा. आपल्याकडे कापूस विपुल आहे, परंतु त्याचे तंतू जखमेत चिकटतात. त्याची जागा आधाराच्या पट्टीखाली आहे, जखमेवर नाही.

सांधा निखळला असता त्याचा आकार बदलतो, खांद्याची गोलाई नाहीशी होते व अवयव हलेनासा होतो. असा सांधा ओढून बसवू नये. शिरा व मज्जातंतू चिमटण्याचे भय असते. शिवाय हात टेकून पडलेल्या मुलाच्या कोपराच्या वरचे हाड मोडले तरी कोपर निखळल्यासारखेच दिसते. क्ष-किरण चित्रावाचून हा भेद निश्चित होत नाही. अशा हातास चोळून कमच्यांनी करकचून बांधल्यास रक्तप्रवाह थांबतो, स्नायू मरतात व बोटे कायमची आखडतात. या विकृतीचे वर्णन फोल्कमन या जर्मन शल्यवैद्याने १८८१ मध्ये केले. गावच्या हाडवैद्याविषयी आदर असला तरी हा धोका पालकांस समजावून सांगणे शिक्षकाचे काम आहे.

दोन्ही प्रसंगी आधार देण्याची रीत एकच. अवयव ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ठेवून बांबूची कमची, जाड पुठ्ठा किंवा तुराट्यांची कापडात गुंडाळलेली जुडी लावावी. ती मोडलेल्या जागेच्या वरच्या व खालच्या सांध्यापलीकडे जावी. बांधणी जखमेवर येऊ देऊ नये. हातास झोळी द्यावी. बांधण्यापूर्वी व नंतर बोटे पाहावीत : ती थंड, पांढरी वा बधिर झाल्यास बांधणी तत्काळ सैल करावी.

मुलास खाण्यापिण्यास देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे. अपघाताची वेळ व धनुर्वाताची लस केव्हा टोचली होती हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. उघड्या अस्थिभंगात प्रतिजैविक औषध जितके लवकर मिळेल तितके हितकर असते. मेळघाटासारख्या दूरच्या शाळांनी तर वाहनाची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

प्रत्येक शाळेत कमच्या, धुतलेले कापड व त्रिकोणी पट्ट्या एका पेटीत सिद्ध असाव्यात, आणि वरच्या वर्गातील मुलांकडून झोळी बांधण्याचा सराव करून घ्यावा.