चोरी गाजलेल्या गाण्याची, तोटा अजून न झालेल्या गाण्याचा

 

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे. अक्षरशः खिशातला. निदान जुन्या फोनच्या मेमरी कार्डात तरी आपल्याकडे फुकट आलेली गाणी होती. चौकातल्या मोबाइलच्या दुकानात जायचं, थोडे पैसे टेकवायचे आणि ‘कार्ड भरून द्या’ म्हणायचं, हे आपण पाहिलंय; केलंयही. त्यातला एक रुपयाही गाणं करणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता, हे दुकानदारालाही माहीत होतं आणि आपल्यालाही.

हे बरोबर की चूक, या वादात आज आपण शिरणार नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे: अशा चोरीमुळे नवीन गाणं तयार व्हायचं थांबतं का? म्युझिक कंपन्या म्हणतात, थांबतं. फुकट ऐकणारे म्हणतात, कुठं थांबलंय, रोज ढिगानं गाणी येतायत की! गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कसं, हे बघू.

आधी गाण्याचा खर्च समजून घेऊ. कवीनं शब्द लिहायचे, संगीतकारानं चाल लावायची, कुठं बासरी आणि कुठं व्हायोलिन हे संयोजकानं ठरवायचं, वादक बोलवायचे, स्टुडिओ तासांवर घ्यायचा, मग गायक, मग मिक्सिंग. हा सगळा खर्च पहिली प्रत निघण्याआधीचा असतो. दुसरी प्रत त्या मानानं जवळपास फुकट निघते, आणि इंटरनेटवर तर ‘जवळपास’ हा शब्दही काढून टाकावा लागतो.

दुसरी गोष्ट, कुठलं गाणं चालेल हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून कंपनी समजा दहा अल्बम काढते. त्यातले एकदोन चालतात आणि ते बाकीच्या आठांचा खर्च भरून काढतात. म्हणजे गाजलेल्या गाण्याचा नफा हे पुढच्या अनोळखी गायकाचं भांडवल असतं.

आता चोरटी नक्कल करणारा कुठलं गाणं उचलतो? जे चाललंय ते. न चाललेल्या आठांकडे तो बघतही नाही. त्याला जोखीम नाहीच. त्यामुळे नफ्याला भोक पडतं ते नेमकं गाजलेल्या गाण्यापाशी. पण त्या गाण्याचा गायक त्यानं बुडत नाही, त्याला स्टेज शो मिळतात. भोक दिसतं पुढच्या वर्षी, कंपनी म्हणते, यंदा दहा नको, चारच काढू आणि चारही ओळखीच्या नावांचे काढू. जे सहा कापले गेले त्यांना आपलं काही चोरीला गेलंय हे कळतसुद्धा नाही. त्यांचं गाणं कुणी चोरलेलं नसतं, ते झालेलंच नसतं.

हा झाला तर्क. आता तो तपासायला इतिहासानं एक मोठा प्रयोग करून ठेवलाय. जून 1999 मध्ये अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलानं नॅपस्टर सुरू केलं. एकाच्या संगणकातली गाणी दुसऱ्यानं थेट उतरवून घ्यायची, एवढीच कल्पना. 2001 मध्ये कोर्टाच्या दणक्यानं नॅपस्टर बंद पडलं, पण तोवर बाटलीतलं भूत बाहेर आलं होतं. अमेरिकेत 1999 मध्ये रेकॉर्ड केलेल्या संगीताची उलाढाल साडेचौदा अब्ज डॉलरच्या वर होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती निम्म्याच्याही खाली गेली. या घसरणीतला नेमका किती वाटा चोरीचा, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्प्फ या दोघांनी 2007 मध्ये असा निष्कर्ष काढला, की विक्रीवर परिणाम जवळपास शून्य आहे. त्यावर बरीच टीका झाली आणि बहुसंख्य अभ्यास उलट बाजूचे आहेत. आमचंही मत असंच, की चोरीचा वाटा मोठा होता.

मग आपल्या तर्काप्रमाणे नवीन संगीत आटायला हवं होतं ना? झालं उलटंच. अमेरिकेत 2000 साली नवे अल्बम निघाले सुमारे 35 हजार, आणि 2007 साली जवळजवळ 80 हजार. कुणी म्हणेल, संख्या वाढली पण दर्जाचं काय? जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं नेमका हाच प्रश्न घेतला. समीक्षकांनी नंतर मागे वळून केलेल्या ‘सर्वोत्तम’ संगीताच्या याद्या त्यानं गोळा केल्या आणि कुठल्या वर्षातली किती कामं त्यांत टिकली ते मोजलं. 1999 नंतर घसरण दिसते का, तर दिसत नाही. उलट लहान, स्वतंत्र कंपन्यांच्या कामांचा वाटा त्या याद्यांत वाढलेला दिसला.

याचं कारण फार गूढ नाही. ज्या संगणकानं गाणं चोरणं फुकट केलं, त्याच संगणकानं गाणं करणंही स्वस्त केलं. तासांवर घ्यायचा स्टुडिओ घरातल्या खोलीत आला. कमाई अर्धी झाली, पण खर्च त्याहून जास्त घसरला.

हे आपल्याकडे एकदा आधीही घडलेलं होतं. कॅसेटच्या काळात. ऐंशीच्या दशकात बाजारात चोरट्या कॅसेटचा सुळसुळाट होता, आणि तरीही लोकसंगीताच्या दृष्टीनं तो बहराचा काळ होता. तबकडीच्या जमान्यात एचएमव्हीनं काढली तर रेकॉर्ड निघायची. कॅसेट आली आणि कोळीगीतं, पोवाडे, भजनं, भीमगीतं काढायला लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या कॅसेट संस्कृतीवर 1993 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय.

तर मग निष्कर्ष काय, चोरीनं काही बिघडत नाही? फुकट ऐकणारे इथंच थांबतात. पण ‘किती गाणी’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे ‘कुठल्या प्रकारची गाणी’, आणि तिथं चित्र बदलतं.

नक्कल फुकट झाली की पैसा अशा ठिकाणी सरकतो, जिथं नक्कल होत नाही. आणि गाणं पैशामागं जातं. आपल्याकडचं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॉलर ट्यून. 2004 नंतर साताठ वर्षं भारतीय म्युझिक कंपन्यांना तिनंच तारलं. का? कारण कॉलर ट्यून तुमच्या फोनमध्ये नसते, ती मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून वाजते. ती मेमरी कार्डात भरून घेता येत नाही! ज्या गाण्याची प्रत विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्याच गाण्याचा तुकडा समोरच्याला ऐकवायला लोक महिन्याला पैसे मोजत होते. मोठा वाटा अर्थात मोबाइल कंपनी ठेवून घ्यायची. पुढं 2011 मध्ये दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय अशा सेवा सुरू करायच्या नाहीत असं बजावलं, तेव्हा हा झराही आटला. पण तोवर गाण्यावर परिणाम झालेला होता. फोन उचलेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात जे भिनतं त्याला भाव आला. तिथं मुखडा लागतो. संथ आलाप, दुसऱ्या अंतऱ्यात उलगडणारा अर्थ, यांना कॉलर ट्यूनमध्ये जागा नाही.

विकत घेणारे नव्हतेच का? फ्लिपकार्टनं फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लाइट नावाचं दुकान उघडलं, काही रुपयांत एक गाणं, कायदेशीर. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सॉंग्ज डॉट पीके धरून 104 संकेतस्थळं रोखायला सांगण्यात आलं. म्हणजे चोराचं दार बंद करण्याचा आदेशही होता आणि साव दुकानदारही होता. जून 2013 मध्ये फ्लाइट बंद झालं. दीड वर्षही टिकलं नाही. एकदा फुकटची सवय लागल्यावर पाचदहा रुपयेही जड होतात.

या सगळ्यात मार बसला तो सिनेमाबाहेरच्या अल्बमला. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’, पाठोपाठ लकी अलीचा ‘सुनो’, मग युफोरिया. इंडिपॉप नावाचं एक नवंच दालन उघडलं होतं. मराठीत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’नं दाखवून दिलं, की सिनेमा नसतानाही घराघरांत अल्बम पोचतो. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत हे दालन मिटत गेलं. सगळा दोष चोरीचा नाही. संगीत वाहिन्यांवर सिनेमाच्या गाण्यांनी जागा अडवली, हेही खरंच. पण फरक बघा: सिनेमाच्या गाण्याचा खर्च निर्मात्याच्या अंदाजपत्रकातून येतो आणि तिकिटातून वसूल होऊ शकतो. अल्बमला प्रतीच्या विक्रीशिवाय दुसरा आधार नव्हता. चोरी दोन्हींची झाली, मेला एकच.

याची दुसरी बाजू ‘सैराट’मध्ये दिसते. 2016 चा सिनेमा. अजय-अतुल यांनी त्यातल्या संगीतासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. मराठी गाण्यासाठी! त्या सिनेमाची चोरटी प्रतही तेव्हा फिरत होती, गाणी तर यूट्यूबवर फुकटच होती. तरी ते परवडलं, कारण पैसे थिएटरच्या खिडकीवर वसूल होणार होते. आता असा विचार करा, की तसाच ऑर्केस्ट्रा एखाद्या संगीतकाराला फक्त कवितांच्या अल्बमसाठी हवा आहे. त्याला पैसे कोण देणार?

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर सगळंच खापर इंटरनेटवर फुटेल. मुंबईच्या सिनेसंगीतातले मोठे वाद्यवृंद, ज्यांत गोव्याच्या वादकांचा फार मोठा वाटा होता, ते नॅपस्टरच्या आधीच ओसरू लागले होते. सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करायची सोय झाली आणि चाळीस व्हायोलिनवाल्यांची गरज उरली नाही. ते पाप चोरीच्या माथी मारता येत नाही. चोरीनं एवढंच केलं, की ते परत यायची वाट अरुंद केली.

मग मराठी भावगीत जगलं कसं? रंगमंचावर. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम 2003 मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. नाट्यगृहातल्या खुर्चीची नक्कल होत नाही. भीमगीतांचंही तसंच. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल लागत आलेत. आधी कॅसेट, मग सीडी, मग शेकडो गाण्यांची एकच एमपीथ्री सीडी, मग पेनड्राइव्ह. एका कॅसेटमागं एका गायकाला, एका कवीला काहीतरी मिळायचं. शेकडो गाण्यांच्या सीडीत कुणाचं नावही सापडायचं नाही. तरी गाणी होत राहिली, कारण 14 एप्रिलला वस्तीवस्तीत कार्यक्रम होतात आणि गायकाला तिथं मानधन मिळतं.

पण रंगमंचावर उभा राहतो कोण? गायक. वादकही. जो कवी स्वतः मंचावर येत नाही, जो संगीतकार घरी बसून चाली लावतो, त्याला कार्यक्रमाच्या मानधनात वाटा नाही. संदीप खरे स्वतः मंचावर असतात. प्रत्येक गीतकाराला ते जमत नाही, जमावं अशी अपेक्षाही करू नये. चोरीनं सर्वांत जास्त नुकसान केलं असेल, तर आमच्या मते या माणसाचं. आणि त्याची स्थिती आपल्याकडे आधीच नाजूक होती. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की निर्मात्यानं सिनेमासाठी करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, तसा वेगळा करार नसेल तर. म्हणजे गीतकाराला एकदा ठरलेली रक्कम मिळायची आणि विषय संपायचा. तेव्हा कुणी म्हणायचं, चोरीनं त्याचं काय जातं, त्याला रॉयल्टी मिळतच कुठं होती? जातं ते पुढचं काम.

2012 मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बरीच खटपट केली. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं काढून घेता येत नाही. पण रॉयल्टीचा वाटा मिळायचा तर रॉयल्टी असायला हवी, आणि ती नोंद झालेल्या, पैसे भरलेल्या ऐकण्यातूनच येते. कार्डात भरलेल्या गाण्याची नोंद कुठं होणार?

आता कार्डं गेली. स्ट्रीमिंग आलं, स्पॉटिफाय भारतात 2019 मध्ये आलं, आणि जाहिराती सोसून का होईना पण कायदेशीर ऐकणं चोरीपेक्षा सोपं झालं. फुकटपणा संपला नाही, फक्त त्याची नोंद व्हायला लागली. हे चांगलंच झालं. पण गाणं पुन्हा पैशामागं गेलं. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, म्हणून पहिल्या 30 सेकंदांत पकडायचं. लांबलचक सुरावटीनं सुरू होणारी गाणी कमी का झाली, याचं थोडं उत्तर इथं आहे.

आणि सुरुवातीला ज्या दहा अल्बमचं बोललो, ते गणित? स्पॉटिफायनं 2024 पासून नियम केलाय, की वर्षभरात 1000 वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. ते पैसे वरच्या गाण्यांमध्ये वाटले जातात. पूर्वी गाजलेल्या गाण्याचा पैसा खाली अनोळखी गाण्याकडे येत होता. आता अनोळखी गाण्याचे चार पैसे वर जातात, आणि तेही पूर्ण कायदेशीरपणे.

इथं थांबू. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, प्रश्न घेऊ या.