शाळेच्या फाटकाबाहेरची शिवी

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १८५९ साली एक खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अकरा वर्षांचा एक मुलगा शाळा सुटल्यावर तासा-दीड तासाने वडिलांची गाय हाकत मास्तरांच्या घरावरून चालला होता. बरोबर शाळेतली इतर पोरं होती. मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने तो त्यांना 'म्हातारा जॅक सीव्हर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी चामड्याच्या वादीने त्याला मारलं. न्यायालयाने म्हटलं की, घरी परतलेल्या मुलावर एरवी हक्क आईवडिलांचा. पण मुलाच्या बोलण्याने मास्तरांच्या अधिकारालाच थेट धक्का बसत असेल, तर ते बोलणं शाळेबाहेरचं असलं तरी मास्तरांना शिक्षा करता येते.

हा जुना खटला न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी २०२१ मध्ये पुन्हा वर काढला. या वेळी विषय होता स्नॅपचॅटवर घातलेल्या शिव्यांचा. मधल्या १६२ वर्षांत अमेरिकी न्यायालयांनी विद्यार्थ्यांच्या बोलण्यावर जे निकाल दिले, ते ओळीने वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. भाषेच्या शुद्धतेचा झेंडा उभारून शाळा बहुतेक वेळा स्वतःचा मान राखत होत्या. शिव्यांवरून गाजलेल्या खटल्यांतल्या पुष्कळ मुलांनी तर शिवी दिलेलीच नव्हती.

मुलांच्या हक्काचा पहिला मोठा निकाल बोलण्याबद्दल नव्हता, न बोलण्याबद्दल होता. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात, स्कूलकिल कौंटीत, माइनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या यहोवाज विटनेसेस पंथाच्या भावाबहिणीने राष्ट्रध्वजाला वंदन करायला नकार दिला, म्हणून १९३५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. तीनच वर्षांनी, युद्ध चालू असताना, वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. देशाभिमान वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याला नाही, असं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी त्या निकालात ठामपणे लिहिलं.

मग १९६५चा डिसेंबर. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात काही विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. त्यांत मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. फिती दिसण्याआधीच मुख्याध्यापकांनी बैठक घेऊन त्यांवर बंदी घातली होती. मुलांना निलंबित केलं गेलं. १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की, विद्यार्थी आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत नाहीत. शाळेला बंदी घालायची तर अध्यापनात खरोखर मोठा अडथळा आला, किंवा येईल असं मानायला सबळ कारण आहे, हे तिने दाखवायला हवं. नुसती भीती किंवा अवघडलेपण पुरणार नाही. या शाळांत निवडणुकीच्या प्रचाराचे बिल्ले चालत होते, नाझी काळाची आठवण करून देणारा आयर्न क्रॉससुद्धा काहींनी घातला होता. बंदी फक्त काळ्या फितीवर होती. त्यामुळे शाळेला खटकत होता तो विचार, हे लपून राहिलं नाही.

पुढचा खटला शाळेतला नाही, पण तो सोडून पुढे जाता येत नाही. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या आवारात १९६८ साली पॉल कोहेन नावाचा तरुण सैन्यभरतीला 'एफ'ने सुरू होणारी शिवी लिहिलेलं जाकीट घालून फिरला. त्याला तीस दिवसांची कैद झाली. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द झाली. निकाल लिहिला न्यायमूर्ती हार्लन यांनी, जे टिंकर खटल्यात मुलांच्या विरोधात गेले होते. शब्द विचाराबरोबर भावनाही वाहून नेतात आणि शब्दांवर बंदी घालताना विचारही दडपले जाण्याचा धोका असतो, हे त्यांचं म्हणणं मला आजही या सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पण मोठ्यांना मिळालेली ही मोकळीक मुलांना मिळणार का? १९७९ साली अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी लिहिलं की, विद्यार्थ्याला टिंकरची फीत चालेल, कोहेनचं जाकीट चालणार नाही. हे वाक्य पुढे फार मोठी मजल मारणार होतं.

त्याला संधी मिळाली वॉशिंग्टन राज्यातल्या बेथेल हायस्कूलमुळे. २६ एप्रिल १९८३. विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीसाठी शाळेने सभा घेतली होती. समोर सुमारे सहाशे मुलं, त्यांत कित्येक चौदा वर्षांची. मॅथ्यू फ्रेझर या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्राचं नाव सुचवताना छोटंसं भाषण केलं. ते अथपासून इतिपर्यंत द्व्यर्थी होतं. उमेदवाराच्या खंबीरपणाचं वर्णन अशा शब्दांत केलेलं की दुसरा अर्थ कोणाच्याही नजरेतून सुटू नये. एकही शिवी मात्र त्यात नव्हती. दोन शिक्षकांनी त्याला आधीच सांगितलं होतं की हे भाषण करू नकोस. सभेत काही मुलांनी आरडाओरडा केला, काहींनी हातवारे केले, काही गोंधळून बसली. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेला तासाचा थोडा भाग या विषयावर बोलण्यात घालवावा लागला. फ्रेझरला तीन दिवसांसाठी निलंबित केलं आणि पदवीदान समारंभात भाषण करू शकणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. मुलांनी मतपत्रिकेवर हाताने त्याचं नाव लिहून त्यालाच निवडलं आणि खालच्या न्यायालयाच्या आदेशामुळे जूनमध्ये तो तिथे बोललाही.

७ जुलै १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचं म्हणणं असं की, सभ्य वागणं शिकवणं हे शाळेचं कामच आहे. संसदेतही असभ्य भाषेला मज्जाव असतो. न्यूमन यांचं फीत आणि जाकिटाचं वाक्य त्यांनी आधाराला घेतलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत लिहिलं. आपल्या शाळकरी वयात एका चित्रपटातल्या साध्या शब्दाने देश हादरला होता, आज तो शब्द कोणाच्या लक्षातही येत नाही, याची त्यांनी आठवण करून दिली. समवयस्कांमध्ये काय चालतं, हे तीन हजार मैलांवरच्या म्हाताऱ्या न्यायाधीशांपेक्षा त्या मुलाला जास्त कळत असेल, असंही त्यांनी सुचवलं.

मला इथे दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलामुलींना शाळेच्या वेळेत बसवून ठेवलेल्या सभेत असं भाषण ऐकावं लागू नये, हे शाळेचं म्हणणं मला पटतं. त्या दोन शिक्षकांनी फ्रेझरला आधी अडवलं, ते शिक्षकाचं खरं काम होतं. पण समारंभाच्या यादीतून नाव काढण्याचा आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या संकोचाचा काय संबंध? तो शाळेने उगवलेला सूड होता. न्यायालयाने 'या सभेपुरतं, या श्रोत्यांपुरतं' एवढं म्हणून थांबायला हवं होतं. त्याऐवजी बोलण्याची कोणती रीत अयोग्य, हे ठरवण्याची मुखत्यारी त्याने शाळेच्या मंडळाला देऊन टाकली. टिंकरने मागितलेला अडथळ्याचा पुरावाही त्यासाठी लागेनासा झाला.

याच्या बरोबर पाच आठवड्यांनी, ११ ऑगस्ट १९८६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल दिला. केरळमधल्या यहोवाज विटनेसेस पंथाच्याच तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहूनही ते गायलं नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी बार्नेट खटल्याचा आधार घेऊन त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे या कहाणीचा एक धागा थेट आपल्या शाळांपर्यंत येतो. मात्र आपल्या घटनेच्या कलम १९(२) मध्ये सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी निर्बंध घालण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. त्यामुळे शिवी दिलेल्या मुलाला इथे कलम १९पेक्षा २००९ चा शिक्षणहक्क कायदा जास्त उपयोगी पडतो. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि त्याला मारता किंवा त्याचा मानसिक छळही करता येत नाही.

अमेरिकेत पुढची वीस वर्षं शाळांची होती. १९८८ मध्ये मिसुरीतल्या एका शाळेच्या वृत्तपत्राची पानं मुख्याध्यापकांनी काढून टाकली, ते वैध ठरलं. २००७ मध्ये अलास्कातल्या विद्यार्थ्याने रस्त्यावर फडकवलेल्या, गांजा आणि येशू यांची सांगड घालणाऱ्या फलकाबद्दलची शिक्षाही टिकली. हे दोन्ही निकाल शिव्यांवरचे नव्हेत.

अखेर २०१७ साली खरी शिवी आली, तीही माइनर्सव्हिलच्याच स्कूलकिल कौंटीतून. महनॉय सिटीतल्या चौदा वर्षांच्या मुलीची, न्यायालयाच्या कागदांत बी. एल., चीअरलीडिंगच्या मुख्य संघात निवड झाली नाही. तिला दुय्यम संघात ठेवलं. शनिवारी एका दुकानात बसून तिने मैत्रिणीबरोबर मधलं बोट दाखवणारा फोटो काढला आणि शाळा, सॉफ्टबॉल, चीअर आणि सगळंच यांना 'एफ'ने सुरू होणारी शिवी घालून स्नॅपचॅटवर टाकला. चोवीस तासांत पुसला जाणारा तो मजकूर सुमारे अडीचशे जणांपर्यंत गेला. त्यातल्या कोणीतरी घेतलेला स्क्रीनशॉट प्रशिक्षिकेपर्यंत पोचला. मुलीने माफी मागितली, तरी वर्षभरासाठी तिला संघातून काढलं. शाळेत झालेला गोंधळ किती? बीजगणिताच्या तासाला दोनेक दिवस पाच-दहा मिनिटं चर्चा.

२३ जून २०२१ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी ती जिंकली. न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलं की, घरी असलेल्या मुलांच्या बाबतीत शाळा पालकांच्या जागी नसते. शाळेचा हक्क घराबाहेर आणि घरातही पोचला, तर मुलाला चोवीस तासांत मोकळं बोलायला जागाच उरणार नाही. आणि लोकांना न आवडणारं बोलणं जपण्यात शाळेचंही हित आहे, कारण लोकशाहीची रोपं तिथेच वाढतात. धमक्या, छळवणूक, अभ्यासाचे आणि लेखी कामाचे नियम मोडणं यांबाबत शाळेचा हक्क त्यांनी राखून ठेवला. एकटे थॉमस यांनी व्हरमाँटच्या मास्तरांची बाजू घेतली.

सगळ्यांत उघड शिव्या देणारी मुलगी जिंकली आणि एकही शिवी न देणारा फ्रेझर हरला, याचं कारण फक्त जागा आणि वेळ. त्यामुळे फ्रेझरचा निकाल शाळेच्या आत आजही पक्का आहे. २०२१ मध्ये एका मोटार शर्यतीत गर्दी राष्ट्राध्यक्ष बायडन यांना शिवी देत होती. वार्ताहराने ते 'लेट्स गो, ब्रँडन' असं सांगितलं आणि ते शब्द शिवीला पर्याय म्हणून रूढ झाले. मिशिगनमधल्या दोन भावांना ते शब्द छापलेले स्वेटशर्ट शाळेत घालू दिले नाहीत. जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी शाळेलाच दुजोरा दिला. हा निकाल मला चुकीचा वाटतो. त्या कपड्यांवर राष्ट्राध्यक्षांवरची टीका होती, म्हणजे काळ्या फितीच्या जातकुळीतली गोष्ट. टिंकरची कसोटी लावली असती, तर त्यांच्यामुळे वर्गात नेमका कोणता अडथळा आला किंवा येणार होता, हे शाळेला दाखवावं लागलं असतं. फ्रेझरची लावल्यामुळे ते दाखवण्याची गरजच उरली नाही.