जुनी इंग्रजी गाडी : लक्षण आणि कारण

तत्त्वज्ञानाचा माणूस गाड्यांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आठवा. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, असं आपण अनुमान करतो. गाडीच्या दुरुस्तीतही दिसतं ते लक्षण आणि शोधायचं असतं कारण. मात्र एकच लक्षण अनेक कारणांनी उद्भवत असेल, तर नैयायिक त्या हेतूला व्यभिचारी म्हणतात. गॅरेजमधले पुष्कळ पैसे अशा व्यभिचारी हेतूंवरच वाया जातात.

पुण्याला जॅग्वार आता परकी नाही. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर फोर्डकडून घेतली. पण आज मी बोलतोय ते 1960 ते 1980 च्या दशकांतल्या गाड्यांबद्दल. त्यांचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. फसवतात ते रबर, तेल-पाणी आणि वायरींचे जोड.

जॅग्वार एक्सजे6 गरम होते, ही नेहमीची तक्रार. मालक लगेच नवा रेडिएटर बसवतो, तरी काटा वर जातोच. आता बघा, गाडी लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत तापते आणि हायवेवर थंड होते, तर संशय पंख्यावर घ्या. हवा कमी पडते आहे. उलट कात्रजचा घाट चढताना किंवा वेगात तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की आतून गंज धरतो आणि गाळ ब्लॉकमध्ये साचतो. तो न काढता रेडिएटर बदलून काय होणार?

याच गाडीचे मागचे ब्रेक चाकांत नसतात, डिफरेन्शियलला लागून असतात. ब्रेकच्या उष्णतेने तिथलं ऑइल सील कडक होतं आणि तेल डिस्कवर येतं. ब्रेक लागत नाही म्हणून नुसते पॅड बदलले, तर तेही तेलात भिजतात. आधी सील बदलायला हवं. काम मोठं आहे, कारण त्यासाठी सहसा मागची सगळी जुळणी खाली उतरवावी लागते.

आता रोल्स-रॉइस. 1965 ला आलेल्या सिल्व्हर शॅडोमध्ये विशिष्ट प्रकारचं ब्रेक ऑइल लागतं. 1980 ला आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल लागतं. दोन्ही एकाच घराण्यातल्या, म्हणून एकीचं तेल दुसरीत ओतलं, तर आतली रबरी सील खराब होतात आणि ब्रेकचा भरवसा उरत नाही. इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. मिस्त्री कितीही जुना असो, डबा उघडण्यापूर्वी गाडीचं पुस्तक उघडायला सांगा.

दिवे मंद झाले, स्टार्टर नुसता टकटक करतो. दोष बॅटरीला दिला जातो. आधी अर्थिंगची पट्टी सोडवून घासून बसवा. आपल्या पावसाळ्यात तिथे गंज चढतो. आणि 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने उलटं जोडलं, तर नुकसान होतं.

शेवटचा मुद्दा पेट्रोलचा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं आणि जुन्या रबरी पाइपांना चालत नाही. पाइप मऊ पडला, तडकला, तर पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकू शकतं. बॉनेट उघडल्यावर वास आला, तर गाडी चालू करू नका. इथेनॉलला टिकणारे पाइप बसवा आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, मग पेट्रोलचे पाइप, मग पाणी, मग वायरिंग. रंग आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. गाडी मिरवणुकीत चमकते आणि उतारावर थांबत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.