गांव करी तें राव न करी

ही म्हण आपल्याकडे विहीर खणतांना किंवा बांध घालतांना ऐकूं येते. विद्येच्या प्रांतीं ती सहसा कोणी लावीत नसे. संशोधन मोजक्या पंडितांनीं करावें व इतरांनीं त्यांचे निष्कर्ष वाचावे, अशीच रूढि होती. संगणक व इंटरनेट यांनीं ती कशी पालटली, हें एका उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथें अडीच मीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण आहे. सन २००० पासून तिच्या साहाय्यानें 'स्लोन' नांवाची आकाश-पाहणी सुरू झाली. पूर्वी दुर्बिणीस छायाचित्राची कांच जोडीत. येथें प्रकाश विद्युत्-साधनानें थेट अंकांत नोंदला जातो. अंकांत उतरलेल्या चित्राच्या हव्या तितक्या हुबेहूब प्रती क्षणांत जगभर धाडतां येतात. अशीं सुमारें दहा लक्ष दीर्घिकांचीं चित्रें जमलीं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधि ताऱ्यांचा समुदाय. कांहीं दीर्घिका भिरभिऱ्यासारख्या सर्पिल, तर कांहीं अंड्यासारख्या लंबगोल असतात. त्यांची निवड केल्यावांचून त्या कशा घडल्या हें कळत नाहीं. आणि ही निवड तेव्हांच्या यंत्रापेक्षां मनुष्याचा डोळाच अधिक चांगली करी.

ऑक्सफर्ड येथील केव्हिन शाविन्स्की या तरुण संशोधकानें आठवडाभर खपून पन्नास हजार चित्रें निवडलीं. उरलेलीं कोणी पाहावीं? जुलै २००७ मध्यें त्यानें व ख्रिस लिंटॉट आदि सहकाऱ्यांनीं 'गॅलेक्सी झू' या नांवानें तीं सर्व जगापुढें ठेविलीं. पहिल्या दिवसाअखेर ताशीं सत्तर हजार उत्तरें येऊं लागलीं. वर्षभरांत दीड लाख लोकांनीं पांच कोटींवर उत्तरें दिलीं.

सुज्ञ पालक विचारतील, कीं अशा कामावर भरंवसा कसा ठेवावा? त्यासाठीं प्रत्येक चित्र अनेकांना स्वतंत्रपणें दाखवीत व उत्तरें ताडून पाहत. एकदां घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरणाऱ्या दीर्घिका अधिक भरल्या. हा विश्वाचा धर्म, कीं पाहणाराचा दोष? चालकांनीं कांहीं चित्रें आरशांतल्याप्रमाणें उलटीं करून दाखविलीं. विश्वाचा धर्म असता, तर आतां दुसरी बाजू वरचढ व्हावयास हवी होती. तसें झालें नाहीं. दोष पाहणाराचाच ठरला. संख्येनें सत्य सिद्ध होत नाहीं. संख्येचीही परीक्षा घ्यावी लागते.

त्याच वर्षीं नेदरलँड्समधील हॅनी फान आर्केल या शिक्षिकेस एका दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग दिसला. दीर्घिका सर्पिल कीं लंबगोल, एवढेंच तिला विचारलें होतें. उत्तर देऊन ती पुढें जाऊं शकली असती; परंतु 'हें काय आहे?' असें तिनें सर्वांस विचारलें. शोधाअंतीं कळलें, कीं तो वायूचा अवाढव्य मेघ होता. शेजारच्या दीर्घिकेचें मध्य पूर्वी प्रखर तेजानें तळपत होतें. तें तेज मंदावलें, तरी पूर्वींच निघालेल्या प्रकाशानें मेघ उजळलेला दिसत होता. दिवा विझला, पण भिंतीवरचा उजेड उरला! डच भाषेंत 'वस्तु' या अर्थाचा 'व्होरवर्प' हा शब्द त्या मेघास मिळाला, व त्यापुढें हॅनीचें नांव लागलें.

पुढें लोकांच्या या उत्तरांवरूनच संगणकास दीर्घिका ओळखण्यास शिकविण्यांत आलें. आतां यंत्र लक्षावधि चित्रें त्वरेनें निवडतें. मग मनुष्याचें काम संपलें काय? तसें नाहीं. यंत्रास जें विचारावें त्याचें उत्तर तें देतें. न विचारलेल्या डागापाशीं थबकावयास जिज्ञासा लागते.

विद्यार्थिमित्रहो, अशा कामांस पदवीची अट नसते. घरच्या फोनवरूनही त्यांत हातभार लावतां येतो. तोच फोन नुसता वेळ घालविण्यासही पुरतो. त्याचें काय करावयाचें, हें त्या फोनला ठरवितां येत नाहीं. तें तुम्हीं ठरवावयाचें आहे, आणि पालकांनीं त्यांत तुमच्याजवळ बसावयाचें आहे.